आठ महिने स्टार ट्रॅकर वापरल्यावर: देवयानी, दव आणि झोपाळू पॉवरबँक

ऑक्टोबरात घेतलेला ट्रॅकर काल सिलिका जेलच्या पुड्यांसकट डब्यात बंद केला. आता पाऊस सरेपर्यंत सुट्टी. अमावास्येच्या आसपासच्या अकरा रात्री बाहेर काढल्या, त्यातल्या चार ढगांनी खाल्ल्या. उरलेल्यांच्या जोरावर लिहितेय.

दुर्बीण नाही. जुना, लहान (क्रॉप) सेन्सरचा डीएसएलआर आणि १३५ मिमीची लेन्स. नुसत्या ट्रायपॉडवर अडीच-तीन सेकंदांतच तारे लांबट होतात. ट्रॅकर आकाशाच्या चालीने कॅमेरा फिरवतो, त्यामुळे मिनिटभर शटर उघडं ठेवता येतं. लक्ष्य अर्थातच देवयानी दीर्घिका, मेसिए यादीतली एम ३१. २५ लाख प्रकाशवर्षं दूर असूनही आकाशात ती सुमारे तीन अंश पसरलेली, म्हणजे पौर्णिमेचे सहा चंद्र ओळीने मावतील एवढी. तिला लेन्स पुरते.

पहिली रात्र वाया. वेल्ह्याच्या पुढे ओळखीतल्या काकांच्या खळ्यावर गेले. ट्रॅकरचा अक्ष आकाशाच्या ध्रुवबिंदूकडे रोखावा लागतो, आणि त्यासाठी ध्रुवतारा दिसायला हवा. पुण्याकडे ध्रुव जेमतेम साडेअठरा अंशांवर, त्यात समोर डोंगराची धार आणि धूसर हवा. तो दिसल्यावर पोलर स्कोपच्या (ट्रॅकरमधल्या, ध्रुव साधायच्या छोट्या दुर्बिणीच्या) मधोमध धरला आणि खूश झाले. पण खरा ध्रुवबिंदू ताऱ्यापासून अर्ध्या अंशाहून थोडा जास्त बाजूला आहे. तारा स्कोपमधल्या वर्तुळावर त्या-त्या वेळच्या जागी बसवावा लागतो. दोन-दोन मिनिटांच्या सगळ्या फ्रेममध्ये तारे तांदळाच्या दाण्यांसारखे आले. दुसरी गोची काउंटरवेटची, म्हणजे कॅमेऱ्याचा तोल सांभाळणाऱ्या वजनाची. आपल्या अक्षांशावर तो ट्रायपॉडच्या पायावर आपटतो. दोन पायांमधली मोकळी जागा उत्तरेला आली की सुटतो.

पॉवरबँकेने मात्र फार छळलं. ट्रॅकर इतका कमी करंट ओढतो की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ती गुपचूप बंद पडते. उपाय दवामुळे सापडला. डिसेंबरात पहाटे लेन्स ओलीचिंब होऊन चाळीस फ्रेम गेल्या, म्हणून यूएसबीवर चालणारा गरम पट्टा घेतला. तो त्याच पॉवरबँकेला जोडल्यापासून ती जागी राहते.

कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर एक फ्रेम काकांना दाखवली. निरखून म्हणाले, "हा बोटाचा डाग नव्हं?" खरंच तसंच दिसतं. गंमत घरी येते. आयएसओ १६०० वर मिनिटभराच्या ७० फ्रेम, सेन्सरचा गोंगाट वजा करायला लेन्सला झाकण लावून काढलेल्या डार्क, कडांचा काळोख आणि धुळीचे डाग घालवायला लेन्सवर पांढरं बनियन ताणून काढलेल्या फ्लॅट, सगळं सिरिल या फ्रेम जुळवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं (फुकट आहे). जुळवलेलं चित्र आधी काळंकुट्टच. हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) हळूहळू ताणला तशी गाभ्याभोवती धुळीची काळी रेघ उमटली, मग दुसरी, आणि बाजूला एम ३२ आणि एम ११० या दोन सोबती दीर्घिका. रात्री अडीचला मी एकटीच ओरडले.

आता मर्यादा. एप्रिलात एम ५१ वर लेन्स रोखली. भोवरा दीर्घिका, देवयानीहून कितीतरी दूर. संपूर्ण चित्रात ती जेमतेम शंभर पिक्सेलची. दोन दीर्घिका चिकटलेल्या कळतात, भुजा म्हणाल तर समजून घ्यायच्या. तिच्यासाठी दुर्बीण हवी, आणि दुर्बीण आली की हा ट्रॅकर वजनाने दमणार. म्हणून देवयानी आणि फार तर त्रिकोण तारकासमूहातली एम ३३ दीर्घिका एवढंच मनात असेल तर घ्या. लहान दीर्घिकांचं वेड असेल तर थांबा, पैसे साठवा, थेट दुर्बीण पेलणारा मोठा माउंट घ्या. मी एम ३३ साठी ऑक्टोबरची वाट बघतेय. काकांना छापील फोटो दिलाय, तो त्यांनी कॅलेंडरशेजारी लावलाय.