तीन महिन्यांचं ट्रान्सफॉर्मेशन की वर्षाची साधी मेंबरशिप?

भाच्यानं जिमच्या काउंटरवरूनच फोन लावला. "मामा, दोन स्कीम आहेत. तीन महिन्यांचं ट्रान्सफॉर्मेशन, पर्सनल ट्रेनरसकट पंधरा हजार. आणि वर्षाची साधी मेंबरशिप अकरा हजार, ट्रेनर नाही. कुठली घेऊ?" वय 22, उंची पाच फूट आठ इंच, वजन 56 किलो. मागून कुणीतरी "ऑफर फक्त आजच्यापुरती आहे सर" म्हणत होतं. मी म्हटलं, पैसे खिशातच ठेव आणि घरी ये. असल्या ऑफर दिवाळीलाही असतात आणि गुढीपाडव्यालाही.

पंधरा की अकरा हा प्रश्न नंतरचा. तीन महिन्यांत अंगावर चढतं किती आणि वर्षात किती, हे आधी कळायला हवं.

मी सुरुवात केली तेव्हाची वही अजून आहे. पहिल्या दिवशी बेंचप्रेसला (आडवं पडून छातीवरून रॉड ढकलायचा व्यायाम) नुसता रॉड, 20 किलो, आणि तोही डावीकडे कलत होता. तिसरा महिना संपताना 42.5 किलो. दंड मात्र सव्वाअकरा इंचांवरून पावणेबारावर. म्हणजे ताकद दुप्पट आणि दंड अर्धा इंच! तेव्हा फसवणूक झाल्यासारखं वाटलं होतं. पण सुरुवातीच्या आठवड्यांत वाढते ती बरीचशी मज्जासंस्थेची करामत. आहेत त्याच स्नायूंचे जास्त तंतू एकाच वेळी कामाला लावायला शरीर शिकतं, रॉडचा तोल सापडतो. स्नायूंची जाडी मागून, सावकाश येते. काट्यावर पहिल्याच महिन्यात दीड-दोन किलो वाढलेले दिसले तर त्यातही पाण्याचा वाटा मोठा. व्यायामानं स्नायूंत ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, साठतो, त्याच्या प्रत्येक ग्रॅमसोबत तीनेक ग्रॅम पाणी येतं. क्रिएटिन (ताकदीसाठी घेतात ती पावडर) सुरू केलं असेल तर आणखी थोडं.

मग भिंतीवरचे ते 'आधी' आणि 'नंतर'चे फोटो? त्यांतले बरेच खरेही असतात, पण ते बहुतेक चरबी उतरल्याचे असतात. 85 किलोच्या सुटलेल्या पोटाच्या माणसानं तीन महिने जेवण आवरलं, वजनं उचलली, तर तो ओळखू येणार नाही इतका बदलतो. काही जण पूर्वीचे व्यायामवाले असतात. एकदा कमावलेलं आणि मध्ये गेलेलं अंग नव्यापेक्षा लवकर परत येतं. उरलेल्यांत प्रकाश, तेल आणि स्टेरॉइडची इंजेक्शनं यांचा हिशेब धरावा लागतो.

इंजेक्शनांचा विषय निघालाच आहे तर एक आकडा पाठ करून ठेवा. 1996 साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक प्रयोग छापून आला. वजनं उचलायचा अनुभव असलेले 43 निरोगी पुरुष, 10 आठवडे. ज्यांनी औषधाविना व्यायाम केला त्यांचं चरबी वगळून वजन सुमारे 2 किलो वाढलं. ज्यांनी व्यायाम न करता टेस्टोस्टेरॉनचे (पुरुषी संप्रेरकाचे) मोठे डोस घेतले त्यांचं सुमारे 3 किलो. दोन्ही करणाऱ्यांचं 6 किलो. तीन महिन्यांत अंगावर सहा-सात किलो नुसता स्नायू चढवून देतो म्हणणारा बहुधा थापा मारतोय, नाहीतर काही दिवसांनी हळूच 'कोर्स'चं नाव काढणार आहे.

आता वर्षाचं गणित. नीट खाणाऱ्या, नीट झोपणाऱ्या, दांड्या न मारणाऱ्या नवख्या तरुणाला पहिल्या वर्षात 4 ते 8 किलो स्नायू, असा जाणत्या प्रशिक्षकांचा साधारण अंदाज असतो. दुसऱ्या वर्षी त्याच्या निम्मं, पुढे आणखी कमी. मी वर्षात सात किलो वाढलो, पण त्यातले दोनेक किलो पोटावरच होते. दंड पावणेतेरा. स्त्रियांसाठी किलोंचा आकडा साधारण निम्मा धरावा. बहिणीला "वजनं उचलून पुरुषासारखं अंग होईल" ही भीती होती. तिला मी एवढंच म्हटलं की आम्हाला ठरवून होत नाही, तुला चुकून कसं होईल?

दोन्ही स्कीममधला वेळापत्रकाचा फरक भाच्याच्या लक्षात आला नव्हता. पॅकेजमध्ये आठवड्याचे सहा दिवस, 'सिंगल मसल': सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक. सोमवार बुडाला की छातीची पाळी थेट पुढच्या सोमवारी. एका व्यायामानंतर स्नायूची बांधणी दीड-दोन दिवस जोरात चालते, मग ओसरते. साध्या मेंबरशिपमध्ये वेळापत्रक आपलं आपण ठरवायचं, आणि नवख्यानं आठवड्यातून तीनदा सगळ्या अंगाचा व्यायाम करावा, असं माझं मत. स्क्वॉट, बेंच, रोइंग, खांद्यावरचा प्रेस. प्रत्येकाचे तीन सेट (न थांबता केलेली एक फेरी म्हणजे एक सेट). आठवड्याचे एकूण सेट सारखे असतील तर दिवसांच्या वाटणीनं फार फरक पडत नाही, हेही खरं. पण स्क्वॉट ही शिकायची गोष्ट आहे, आणि आठवड्यातून तीनदा गिरवलेलं लवकर येतं. शिवाय सहा दिवसांच्या नादात पहिल्याच आठवड्यात पाय असे भरून येतात की जिना उलटा उतरावासा वाटतो.

खाण्याचं काय, तर दोन्हीकडे तेच. शरीराच्या दर किलोला रोज 1.6 ग्रॅम प्रथिनं, म्हणजे भाच्याला सुमारे 90 ग्रॅम. आमच्या घरच्या भाकरी, वरण, उसळ, भातातून ती 35-40 जातात. चार अंडी 24, अर्धा लिटर दूध 16, पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या 26, झालं! पॅकेजसोबतचा पावडरचा डबा सोय म्हणून ठीक, पण तो घेतला नाही म्हणून काही अडत नाही. ताईची अडचण वेगळीच निघाली: "अरे, चतुर्थीला काय?" साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीत, जी आहेत ती दाण्याच्या कुटात. कूट वाढव, सोबत दही दे, म्हटलं.

तर कुणी काय घ्यावं? पोट सुटलंय, वजनं कधी उचललेली नाहीत, कुणी पाठीमागे लागल्याशिवाय जमत नाही, अशांनी तीन महिने ट्रेनर घ्यायला हरकत नाही. पैशाचं फळ आरशात दिसेल. पण भाच्यासारख्या काटकुळ्यानं ते घेऊ नये. त्याचे तीन महिने रॉड सांभाळायला शिकण्यात जातील आणि दंड जरा कुठे भरायला लागेल तेव्हाच पॅकेज संपेल. तिथेच बहुतेक जण "आपल्याला बॉडी होत नाही" म्हणत घरी बसतात.

वर्षाच्या मेंबरशिपची कमजोर बाजू एकच, शिकवायला कुणी नाही. चुकीच्या पाठीनं उचललेली डेडलिफ्ट (जमिनीवरून रॉड उचलायचा व्यायाम) कंबर धरते. म्हणून वाचलेल्या चार हजारांतून ट्रेनरची सात-आठ सेशन सुटी मिळतात का ते विचारायला मी त्याला परत पाठवलं. मिळाली. परीक्षेच्या महिन्यात मेंबरशिप थांबवता येईल का, हेही पावतीवर लिहून घ्यायला सांगितलं होतं. ते मात्र हा पठ्ठ्या विसरून आला.