शनिवारचा सी-चा क्लास : सर झकास, नोट्स भंगार

वयाच्या 46व्या वर्षी, लेकीच्या डिप्लोमाचा अभ्यास घेता यावा म्हणून मी सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेचा हा क्लास लावला. फी साडेतीन हजार. पंखा एकच, तोही सरांच्या डोक्यावर.

पण लिनिअर सर्चचा (एकेक आकडा तपासत हवा तो शोधायचा) तास म्हणजे पैसा वसूल! सरांनी फंक्शनला, म्हणजे शोधायचं काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याला, फक्त अ‍ॅरे (आकड्यांची रांग) दिला आणि लांबी आतच साइझऑफने काढली : अख्ख्या अ‍ॅरेचे बाइट भागिले एका आकड्याचे बाइट. पाच आकडे, त्यात 42 चौथा. शोधायला सांगितलं तर उत्तर -1, म्हणजे 'सापडला नाही'. आम्ही सगळे चाट. मग सर म्हणाले, फंक्शनमध्ये अख्खा अ‍ॅरे जातच नाही, जातो नुसता त्याचा पत्ता. आमच्या मशीनवर पॉइंटर (म्हणजे तो पत्ता) 8 बाइटचा, इंट (एक पूर्णांक) 4 चा, भागाकार 2. म्हणजे बिचारं फंक्शन दोनच घरं बघून माघारी फिरलं! लांबी वेगळी पाठवायची, हे आता जन्मात विसरणार नाही.

छापील नोट्सचं मात्र काय सांगू! तिथे 'रिटर्न -1' (-1 उत्तर देऊन फंक्शन संपव) हे लूपच्या, म्हणजे एकेक आकडा तपासणाऱ्या फेऱ्यांच्या आत, एल्समध्ये ('नाही जुळला तर' या भागात) घातलंय. पहिला आकडा जुळला नाही की खेळ खल्लास. रात्री साडेअकरापर्यंत मी आणि लेक डोकं धरून बसलो होतो. दाखवल्यावर सर म्हणाले, "अहो ताई, टायपिंगची चूक." मागच्या बॅचच्या एका मुलालाही सरांकडून हेच 'टायपिंगची चूक' ऐकायला मिळालं होतं म्हणे.

पाचपैकी साडेतीन. नोट्सचे वेगळे 150 रुपये मागतील, देऊ नका. घरची वही न्या.