१६ महिने, २३ हजार किलोमीटर आणि न्यूट्रलमधली थरथर

माझ्या या तीन सिलेंडरच्या कारचं मायलेज, डिकी, टचस्क्रीन यावर सगळ्यांनी लिहून झालंय. सातारा-कोरेगाव रोजचं जाणं-येणं आणि महिन्यातून एकदा पुणे एवढ्यात मी गाडीवर खूश आहे. मला लिहायचंय ते गाडी उभी असतानाच्या थरथरीबद्दल. तिच्यापायी गेल्या महिन्यात माझे १४ हजार रुपये जाता जाता वाचले.

अकराव्या महिन्यात सुरू झालं. एसी लावून पोवई नाक्यावर थांबलं की स्टिअरिंग धरलेल्या हाताला झिणझिण्या यायच्या. शेजारी बसलेली आई म्हणाली, ‘अगं, पाय टेकवला की गुडघ्यापर्यंत मुंग्या येतात.’ बाटलीतल्या पाण्यावर बारीक वलयं उठायची. पुढे खालून पत्र्याचा झ्यँऽऽ आवाजही सुरू झाला. जरा रेस दिली की दोन्ही गायब.

सर्व्हिस सेंटरला तीन चकरा झाल्या. पहिल्या दोन वेळा एकच उत्तर, ‘मॅडम, तीन सिलेंडर आहे, एवढं राहणारच.’ तिसऱ्यांदा क्लच सेट बदलायला सांगितला, तेच ते १४ हजार. तो झिजणारा भाग, म्हणून वॉरंटीत नाही. मी हो म्हणणारच होते, पण एवढे पैसे द्यायचे तर आधी दुसऱ्या कुणाला दाखवू, म्हणून एमआयडीसीतल्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेले.

त्यांनी आधी काहीच उघडलं नाही. ‘ताई, क्लच दाबा. आता सोडा.’ आवाजात काडीचा फरक नाही. क्लचचं बेअरिंग असतं तर दाबल्या-सोडल्यावर आवाज बदलला असता. एसी बंद केला, थरथर कमी झाली पण गेली नाही. स्कॅनर लावला, मिसफायर (सिलेंडरमध्ये इंधन नीट न पेटणं) नाही. मग लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक आल्टरनेटरवर (बॅटरी चार्ज करतो तो) ठेवून मूठ कानामागच्या हाडाला लावली, तसंच बेल्ट ताणून धरणाऱ्या टेन्शनरला. दोन्ही स्वच्छ. शेवटी बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, माझा पाय ब्रेकवर. पहिला गिअर टाकून क्लच अगदी थोडा सोडायला लावला आणि ते बाजूला उभे राहिले (समोर कधीच उभं राहू नका). इंजिन उजवीकडून उचललं गेलं आणि धप्पकन बसलं. रिव्हर्सला उलटं. उजवं इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यावर टेकतं तो रबरी आधार, गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन, गेलेलं. त्याच्या रबरात द्रव भरलेला असतो, तो गळून खाली काळा ओघळ आला होता. मिस्त्रींनी बॅटरी मारून मला दाखवला.

तीन सिलेंडरचं उत्तर खोटं नव्हतं, हे मात्र कबूल. ८०० आरपीएमला (मिनिटाला ८०० फेऱ्या) तीन सिलेंडरचं इंजिन सेकंदाला २० ठोके देतं, चार सिलेंडरचं जवळपास २७. ठोके विरळ, म्हणून धक्का जास्त जाणवतो आणि फाउंडेशनवर भार पडतो. पण मग फाउंडेशनच आधी बघायला नको का? आणि पहिले दहा महिने याच इंजिनाने बाटलीतलं पाणी हलवलं नव्हतं. आधी नव्हतं आणि आता आहे, एवढ्यावरच त्यांनी गाडी जॅकवर घ्यायला हवी होती. मी ओळखीच्या दोघांना ‘ही गाडी घेऊ नका’ असं सांगून बसले होते. ते मागे घेते.

पत्र्याचा आवाज सायलेन्सरवरच्या हीट शील्डचा, म्हणजे उष्णता अडवणाऱ्या पत्र्याचा निघाला. पातळ पत्रा, बोल्टचं भोक मोठं झालेलं, आयडलच्या, म्हणजे रेस न देता इंजिन चालू असतानाच्या, ठरावीक आरपीएमलाच वाजायचा. इंजिन गार असताना हाताने थापटल्यावर तोच झ्यँ. मिस्त्रींनी स्टीलची होज क्लॅम्प आवळली, ६० रुपये. ‘काढून टाकू नका ताई, वरच्या वायरी भाजतील.’ तपासणीचे १५० घेतले. मी जास्त देत होते, ते घेईनात.

गळक्या फाउंडेशनचा फोटो घेऊन पुन्हा सर्व्हिस सेंटरला गेले. ते वॉरंटीत होतं! चार दिवसांत बदलून मिळालं, एक रुपया न देता. क्लच अजून कंपनीतून आलेलाच आहे आणि उत्तम चालतोय.

आता सकाळी गार इंजिनाला मिनिटभर थरथर असते, ती या इंजिनाचीच. आईची तक्रार नाही. गाडीला चार स्टार. पाचवा दिला असता, पण तीन चकरांत एकदाही कुणी मला ‘क्लच दाबून बघा’ म्हटलं नाही, आणि बदलायला काढला होता तो क्लचच.