बॅकअपवाल्याच्या हाती रूटची चावी

एकूण ५७,००० रुपये गेले. १२,००० वर्षभराच्या बॅकअपचे, ४५,००० 'डिस्क रिकव्हरी'चे. बॅकअपवाल्याचं नाव लिहीत नाही, पोलिसांतली तक्रार अजून लोंबकळतेय.

मी काही अडाणी नाही. दुकानाचा लिनक्स सर्व्हर सात वर्षं मीच सांभाळतोय. जुलैत या माणसाने एसएसएचची, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायच्या सोयीची, पब्लिक की पाठवली; ही ओळ ज्या खात्यात टाकाल त्यात त्याचं मशीन पासवर्डशिवाय शिरतं. "रूटच्या ऑथराइज्ड कीजमध्ये टाका, रात्री दोनला आमचं मशीन बॅकअप ओढून घेईल." रूट म्हणजे सर्व्हरचं सर्वाधिकारी खातं, ऑथराइज्ड कीज म्हणजे त्यात शिरू द्यायच्या कीजची फाइल. मी म्हटलं, ओळीच्या सुरुवातीला कमांड बांधून टाकतो, म्हणजे तुमच्या मशीनला तेवढंच चालवता येईल. "तसं केलं तर आरसिंक तुटतो, साहेब."

इथेच. इथेच ओळखायला हवं होतं! आरसिंक या फाइली कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमसोबतच आरआरसिंक नावाची स्क्रिप्ट मिळते, नेमकी याच कामाची: एकच फोल्डर, तोही हवा तर फक्त वाचायला. शेजारी रिस्ट्रिक्ट लिहिलं की टर्मिनल, पोर्ट फॉरवर्डिंग (सर्व्हरमधून दुसरीकडे वाट काढणं) बंद. ही सोय २०१६ पासून ओपनएसएसएचमध्ये, म्हणजे एसएसएचच्या नेहमीच्या प्रोग्रॅममध्ये, आहे. मला हे माहीत होतं हो. पण काउंटरवर गिऱ्हाईकं, डोक्यावर जीएसटीची तारीख, आणि हा इतका ठाम.

ऑक्टोबरात त्याने जादा पैसे मागितले. मी नाही म्हटलं आणि शहाणपणा करून रूटचा पासवर्ड बदलला. पासवर्ड बदलून की मरत नाही, ती ओळच खोडावी लागते. दिवाळीच्या तोंडावर सोमवारी डेटाचा फोल्डर रिकामा. फोन कुणाला केला? त्यालाच. हसा. "डिस्क गेली असेल." ४५,००० मोजून परत आलेला डेटा शनिवारी रात्री दोनपर्यंतचा, बरोब्बर. रविवारचं एकही बिल नाही. मेलेली डिस्क बॅकअपची वेळ पाळते होय?

सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी शिरलं त्या नोंदीत, रविवारी रात्री ११:४२ ला त्याच कीने रूट लॉगिन. पठ्ठ्या पुसायला विसरला. लॉग आधी दुसऱ्या मशीनवर उतरवून ठेवा, मग बोंबला.

पोलीस ठाण्यात विचारलं, "ओटीपी दिला होता?" नाही. "लिंक उघडली?" नाही. "मग फसवणूक कसली? चावी तुम्हीच दिलीत." आयटी कायद्याची ४३ आणि ६६ कलमं (परवानगीशिवाय संगणकात शिरणं, डेटा पुसणं) मीच छापून नेली, तर म्हणे सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, हद्द ठाण्याची. चार खेपा, चार अर्धे दिवस दुकान बंद. आता लॉग पुरावा म्हणून धरायला साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र हवंय. ते कुणी द्यायचं यावर एकाच टेबलावरच्या दोघांचं जमेना.

रूटची की कुणालाही देऊ नका. दुसऱ्या खात्यात दिलीत तरी कीच्या ओळीत फ्रॉम लिहून आयपी, म्हणजे समोरच्या मशीनचा नेटवरचा पत्ता, बांधा.

काल सगळ्या खात्यांच्या ऑथराइज्ड कीजच्या फाइली उघडल्या. बिलिंगच्या खात्यातही तीच ओळ होती. ती मी टाकलेली नाही.