पुरुषांसाठी हाताने केलेलं कार्ड: क्राफ्ट कागद की जलरंगाचा?

बाबांसाठी किंवा भावासाठी कार्ड करताना लेस, टिकल्या सहसा बाजूला राहतात आणि सगळी भिस्त कागदावर येते. तपकिरी क्राफ्ट कागदावर पांढऱ्या जेल पेनाने सायकलची नुसती बाह्यरेषा काढली तरी ती उठून दिसते. फिकट रंग मात्र त्यावर मरतात.

३०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम भरणारा, जाड) जलरंगाचा कागद पाणी छान झेलतो. निळ्या-करड्या रंगाचा एक ओला हात फिरवायचा, पूर्ण वाळू द्यायचा, मग काळ्या शाईत नाव. इतका जाड कागद थेट दुमडू नका. आधी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ दाबून घ्या, नाहीतर घडीवर तो फुटतो.

घाई असेल तर क्राफ्ट. माझा जीव मात्र जलरंगात. दोन छटा एकमेकींत उतरताना बघत बसावंसं वाटतं.