आय-५ १२४०० की रायझन ५ ७६००: बोर्ड पुन्हा बदलायचा नसेल तर

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि व्यवस्थित चालणारी कितीतरी जुनी मशीन अडचणीत आली. माझ्याकडे इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-५ ४४६० प्रोसेसर होता. मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे निर्णय टाळणं शक्य नव्हतं. पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची पानं संगणकावर लावणं हा माझा धंदा. जुलै ते ऑक्टोबर मशीनला हात लावायची सोय नसते, म्हणून मुदतीआधी, २०२५च्या मे महिन्यातच काम उरकलं. कॅबिनेट, एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा), एसएसडी, मॉनिटर तेच ठेवले. मदरबोर्ड (ज्यावर बाकी सगळं बसतं तो बोर्ड), प्रोसेसर आणि रॅम एवढंच बदललं.

शेवटी दोन जोड्या उरल्या होत्या. एक, इंटेलचा आय-५ १२४०० आणि डीडीआर४ प्रकारची रॅम घेणारा बी७६० बोर्ड. दुसरी, एएमडीचा रायझन ५ ७६०० आणि बी६५० बोर्ड. दोन्हीकडे सहा कोअर, बारा थ्रेड, ६५ वॅट, डब्यातच पंखा आणि कामापुरतं अंगचं ग्राफिक्स. फक्त नाव नीट वाचून घ्या. १२४००एफ किंवा ७५००एफ थोडे स्वस्त मिळतात, पण त्यांना वेगळं कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर काही दिसत नाही.

वेगाचं म्हणाल तर माझ्या भाच्याकडे १२४०० आहे. घेण्याआधी त्याच्या मशीनवर मी एक पूर्ण दिवस बसलो. मागच्या वर्षीचा २०० पानी अंक इनडिझाइनमध्ये उघडला, चित्रांसकट पीडीएफ काढली, फोटोशॉपमध्ये मुखपृष्ठ फिरवून पाहिलं. नंतर तेच काम ७६००वर केलं. घड्याळ लावलं तर ७६०० पुढे निघेल, खेळ खेळणाऱ्यांना तर तो फरक नक्की दिसेल. पण माझ्या हाताला तो जाणवला नाही. जुन्या ४४६०वरून येणाऱ्याला दोन्ही मशीन सारखीच हलकी वाटतील. व्हिडिओचं काम असेल तर इंटेलच्या क्विक सिंकचा (व्हिडिओचं काम वेगाने करणाऱ्या प्रोसेसरमधल्या भागाचा) उपयोग होतो, तिथे मी इंटेलला झुकतं माप देईन.

किमतीत इंटेलची जोडी सरळ स्वस्त होती. बोर्ड, प्रोसेसर आणि ३२ जीबी रॅम धरून मला मिळालेल्या भावांत नऊ-दहा हजारांचा फरक पडत होता. ही रक्कम लहान नाही. तरीही मी महागडी बाजू घेतली, त्याचं कारण २०१९च्या सप्टेंबरात आहे.

तेव्हा माझ्या एच८१ बोर्डावर दोन दिवाळी अंक अर्धवट होते. सकाळी बटण दाबलं. पंखा फिरला, दोन सेकंदांत थांबला, पुन्हा फिरला, पुन्हा थांबला. दुरुस्तीवाल्याने प्रोसेसर काढून दुसऱ्या बोर्डावर लावून दाखवला, तो धडधाकट होता. बोर्ड गेला होता. त्या सॉकेटचा (म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेचा) नवा, नावाजलेल्या कंपनीचा बोर्ड आमच्या गावात मिळेना, बाहेरही मिळेना. चार दिवस फोन करून एक साधासा बोर्ड मिळाला आणि मशीन चालू झालं. फायली सुखरूप होत्या. हुश्श केलं आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर उघडलं, तर समोर चौकट: या मशीनवर नोंदणी नाही.

त्या सॉफ्टवेअरचा मशीन आयडी बोर्डावरून बनत होता. बोर्ड बदलला म्हणजे त्याच्या लेखी संगणकच दुसरा. फोन केला तर आधी खरेदीचं बिल मागितलं. बिल पाठवलं तर ही आवृत्ती जुनी आहे, नवी घ्या म्हणाले. तेवढ्यात शनिवार-रविवार आला. नोंदणीची नवी की हातात पडेपर्यंत नऊ दिवस गेले. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा तर जुन्या फाँटमधून येताना ‘पूर्वार्धा’तला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसायचा, जोडाक्षरं तुटायची. म्हणजे संपादकांनी दोनदा तपासलेली प्रुफं तिसऱ्यांदा. त्यांना हे सांगायला लागलं तो फोन मला अजून आठवतो. विंडोजचंही तसंच झालं. माझं लायसन्स ओईएम, म्हणजे मशीनसोबतच आलेलं होतं, ते बोर्डाशी बांधलेलं असतं. दुकानातून वेगळं घेतलेलं रिटेल लायसन्स नव्या बोर्डावर नेता येतं, पण आपल्याकडे असेम्बल केलेल्या मशीनवर ते क्वचितच असतं.

आता त्याच बोर्डावरची आधीची गोष्ट. २०१६ साली मी त्यावरचा आय-३ ४१३० काढून हा ४४६० बसवला होता. पेस्ट पुसली, नवी लावली, झाकण बंद केलं, अर्ध्या तासात काम सुरू. टायपिंगच्या सॉफ्टवेअरने काही विचारलं नाही, विंडोजनेही नाही. प्रोसेसर बदलणं आणि बोर्ड बदलणं यांतला फरक मला या दोन दिवसांनी शिकवला. (तुमच्या सॉफ्टवेअरचा आयडी कशावरून बनतो ते विक्रेत्याला आधी विचारा. काहींचा हार्डडिस्कवरून बनतो, काहींना यूएसबीचं लॉक असतं. लॉकवाल्यांना हा त्रास नाही.)

तेव्हापासून प्रोसेसर निवडताना मी आधी सॉकेट बघतो. त्यावर पुढे काय बसणार? आणि पाच वर्षांनी बोर्ड जळाला तर तसाच नवा मिळणार का?

१२४००चं सॉकेट एलजीए १७००. नोव्हेंबर २०२१मध्ये बाराव्या पिढीबरोबर ते बाजारात आलं. त्यावर २०२२ला तेरावी पिढी बसली, ऑक्टोबर २०२३ला चौदावी. ऑक्टोबर २०२४ला इंटेलने पुढच्या कोअर अल्ट्रा प्रोसेसरांसाठी एलजीए १८५१ हे नवं सॉकेट आणलं. म्हणजे १७००चा रस्ता संपलेला आहे, पण जेवढा आहे तो छोटा नाही. आज १२४०० घेऊन तीन वर्षांनी त्याच बोर्डावर आय-७ १४७०० बसवता येतो आणि ती मोठी उडी आहे. माझी शंका एवढीच, की तोवर तो नवा मिळेल का. सेकंडहँड घ्यायचा तर २०२४ची आठवण येते. तेराव्या-चौदाव्या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे कालांतराने बिघडतात हे इंटेलने तेव्हा मान्य केलं, दुरुस्तीसाठी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचना) दिला, त्यांची वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. दुसऱ्याने तो कसा वापरला हे आपल्याला कळत नाही. खुद्द १२४०० मात्र यात नव्हता, त्याच्याबद्दल मनात काही आणू नका.

७६००चं एएम५ हे सप्टेंबर २०२२चं. त्याच सॉकेटवर ऑगस्ट २०२४मध्ये ९००० मालिका आली, आणि २०२७ व त्यापुढेही हे सॉकेट चालू ठेवू असं एएमडीने जाहीर केलं आहे. कंपनीचा शब्द आणि प्रत्यक्ष माल यांत अंतर पडू शकतं हे मान्य. पण आधीच्या एएम४चा इतिहास समोर आहे. २०१६चं ते सॉकेट, आणि २०२४मध्येही त्यावर नवे प्रोसेसर आले. त्यामुळे त्याचे बोर्ड दुकानांत एवढी वर्षं टिकून राहिले. सगळं सुरळीत नव्हतं, अगदी सुरुवातीच्या एएम४ बोर्डांना ५००० मालिकेचा अधिकृत आधार मिळायला २०२२ उजाडलं. तरी मिळाला.

७६००च्या बाजूने बोलतोय तर त्याचा त्रासही सांगतो. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा पडदा काळा. बोर्डाच्या कोपऱ्यात ‘डीरॅम’ लिहिलेला पिवळा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. एक मिनिट, दोन मिनिटं, तीन. बंद करायला हात स्विचपर्यंत गेला होता. डीडीआर५ असली की बोर्ड पहिल्या वेळी रॅमची जुळणी करून घेतो, त्याला वेळ लागतो, मध्ये बंद करायचं नाही. रोजचं सुरू होणंही भाच्याच्या १२४००पेक्षा सावकाश वाटतं. बायॉसमध्ये (मशीन सुरू करणाऱ्या, बोर्डातल्या सॉफ्टवेअरमध्ये) ‘मेमरी कॉन्टेक्स्ट रिस्टोअर’ चालू केल्यावर बराच फरक पडला. रॅमच्या चार पट्ट्या लावू नका, वेग उतरतो. सुरुवातीलाच १६च्या दोन घ्या.

आणि रॅमचे भाव. २०२५च्या अखेरीपासून ते जे चढले, त्याने माझा मे महिन्यातला हिशेब जुना झाला. एएम५ला डीडीआर५च लागते, दुसरा मार्गच नाही. तुमच्याकडे डीडीआर४च्या चांगल्या पट्ट्या पडून असतील तर १२४०० आणि बी७६०च घ्या, मीही तेच केलं असतं. माझी जुनी रॅम डीडीआर३ होती, दोन्हीकडे निरुपयोगी. ज्यांचं मशीन फक्त ब्राउझर आणि टॅलीपुरतं आहे, बोर्डाशी बांधलेलं काही नाही, त्यांनीही वरचे नऊ-दहा हजार का घालावेत, मला कारण दिसत नाही. बाकी ज्यांचा धंदा एका मशीनवर चालतो, त्यांनी मात्र ७६००चा विचार जरूर करावा. मला तोच बरा वाटला.

बोर्ड घेताना दोन गोष्टींवर मी अडून बसलो. एक, मागच्या बाजूला बायॉस फ्लॅशबॅकचं बटण. दुकानात जुना साठा असतो. पुढे ९००० मालिकेतला प्रोसेसर लावायचा झाला आणि बायॉस जुना असला तर पडदा काळाच राहतो. हे बटण असेल तर प्रोसेसर न लावताही पेनड्राइव्हवरून बायॉस चढवता येतो. दुसरी, व्होल्टेज सांभाळणाऱ्या भागावर धातूचं हीटसिंक. ज्या बोर्डावर तो भाग उघडा होता तो हजार रुपयांनी स्वस्त असूनही मी ठेवून दिला.

डबा दुकानातच उघडायला लावा. दोन्ही सॉकेटच्या पिना आता बोर्डावर असतात, केसाएवढ्या बारीक, आणि एक वाकलेली असली तर वॉरंटी नाकारतात. मी काउंटरवरच झाकण उचलून मोबाइलने फोटो काढला, दुकानदारालाही दाखवला. वरचं काळं प्लॅस्टिकचं झाकण टाकू नका. बोर्ड वॉरंटीत पाठवताना ते लावून पाठवावं लागतं. माझं बिलासोबत पाकिटात आहे. त्याच पाकिटात टायपिंगच्या सॉफ्टवेअरची नवी की आहे, ती या वेळी बोर्ड घ्यायच्या आधीच सांगून ठेवली होती, दोन दिवसांत आली.