थर्टीफर्स्टचं खग्रास चंद्रग्रहण: वेधशाळेत की गच्चीवर?

३१ डिसेंबर २०२८, रविवार. पार्टी ठरवण्याआधी एवढं डोक्यात असू द्या की त्या रात्री महाराष्ट्र-गोव्यातून खग्रास चंद्रग्रहण स्पर्शापासून मोक्षापर्यंत, म्हणजे सावली लागल्यापासून सुटेपर्यंत, पूर्ण दिसणार आहे. स्पर्श रात्री ८.३७ च्या सुमारास, खग्रास ९.४६ ते १०.५८, आणि मोक्ष १२.०६ ला, म्हणजे थेट नव्या वर्षात. ७ सप्टेंबर २०२५ चं ग्रहण याहून लांबलं होतं, खग्रास ८२ मिनिटं. पण ते पडलं भाद्रपदात, ढगांच्या मर्जीवर. डिसेंबरात ती धास्ती कमी. मग उरतं ते एवढंच, की बघायचं कुठून?

जायला जागा आहेत. पुण्यात १९४४ पासूनची ज्योतिर्विद्या परिसंस्था, वरळीचं नेहरू तारांगण, पणजीत ‘असोसिएशन ऑफ फ्रेंड्स ऑफ ॲस्ट्रॉनॉमी’ची सार्वजनिक वेधशाळा. (गिरवलीची, ‘आयुका’ या पुण्याच्या खगोल संशोधन संस्थेची दोन मीटरची दुर्बीण संशोधनासाठी आहे, ती यात धरू नका. आणि खोडदला रेडिओ दुर्बिणी. तिथे डोळा लावायला काही नाही.) कार्यक्रम जाहीर झाला की नोंदणी लगेच करावी, आणि रांगेची तयारी ठेवावी. माणशी अर्धा मिनिट धरा. ७१ मिनिटांच्या खग्रासात एका दुर्बिणीवर १४२ जण होतील. प्रत्यक्षात तेवढेही नाहीत, कारण कुणीतरी आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) धक्का देतं, कुणाला “काही दिसतच नाहीये”, आणि कुणी मोबाइल टेकवून फोटो जमेपर्यंत हलत नाही.

बरं, एवढं थांबून दिसतं काय? मोठ्या दुर्बिणीतून सगळंच जास्त चांगलं दिसतं, हा हिशेब ग्रहणाला लागू पडत नाही. खग्रासातला चंद्र मुळात मंद. पॉवर वाढवली की तो आणखी अंधारतो, रंग मरतो आणि अख्खा चंद्र नजरेत मावत नाही तो वेगळाच. विवरं बघायची हौस असेल तर पौर्णिमेसारखी वाईट तिथी नाही, कारण तेव्हा विवरांना सावल्याच नसतात. त्यासाठी शुद्ध सप्तमी-अष्टमीच्या साध्या संध्याकाळी जा. गर्दी नसते आणि दाखवणाऱ्यालाही बोलायला वेळ असतो.

तरीही दुर्बिणीचं एक काम त्या रात्री खरंच मोलाचं आहे, आणि ते खग्रासाच्या आधी येतं. पृथ्वीची प्रच्छाया, म्हणजे गडद सावली, चंद्रावर सरकताना तिची धूसर कड टायको, कोपर्निकस अशी एकेक विवरं गिळत जाते. हौशी निरीक्षक या वेळा मिनिटावारी टिपून ठेवतात, कारण त्यावरून पृथ्वीची सावली वातावरणामुळे किती मोठी पडते ते काढता येतं. म्हणून वेधशाळेत जायचंच तर आठ वाजता पोहोचा. बहुतेक गर्दी लाल चंद्रासाठी येते, आणि ती उशिराच येते.

गच्चीवर मात्र ७×५० किंवा १०×५० ची द्विनेत्री (बायनॉक्युलर) घेऊन बसलात तर खग्रास तुमच्या एकट्याचं. स्पर्शाच्या वेळी चंद्र पूर्वेला बऱ्यापैकी वर आलेला असेल, मोक्षाला जवळजवळ डोक्यावर. तेव्हा खुर्ची नको, सतरंजी टाकून आडवे व्हा, नाहीतर मान धरेल. पावणेदहाच्या आगेमागे, चंद्राची शेवटची उजळ किनार विझता विझता, तिच्या आतल्या बाजूला निळसर-हिरवट झाक येते का बघा. वातावरणात उंचावरचा ओझोन लाल प्रकाश शोषतो, त्यामुळे तिथून वाकून आलेला उजेड निळसर असतो. खालच्या थरांतून येणारा मात्र तांबडा. दोन-तीन मिनिटांचा खेळ. रांगेत उभे असाल तर हुकलाच. पुढे चंद्र सावलीच्या मध्यापासून थोडा उत्तरेकडून जाईल, त्यामुळे आपल्या डाव्या हाताची कड जास्त उजळ आणि उजवी काळपट दिसायला हवी. चष्माबिष्मा काही लागत नाही.

गच्चीचा तोटा म्हणजे सोसायटी. थर्टीफर्स्टला तिथे डीजे आणि हॅलोजन असणारच. सेक्रेटरींशी आधी बोलून ठेवा, तासभर दिवे बंद होतात का बघा. दुसरी अडचण घरातली. आई किंवा सासूबाई वेध पाळणाऱ्या आणि घरात कुणी गरोदर, तर गच्चीच्या जिन्यातच वाद. वेधशाळेच्या अंगणात ही कटकट नसते. तिथे लोक ग्रहण बघत पोहे खात असतात, आणि शाळकरी पोरांच्या “मग दर पौर्णिमेला का नाही?” ला उत्तर द्यायला कुणीतरी उभं असतं. पोरं बरोबर असतील तर माझं मत सरळ वेधशाळेला. नसतील तर गच्चीला.

शहराबाहेर माळरानावर गेलात तर खग्रासात मृग, व्याध आणि आकाशगंगेचा पट्टा असं भर पौर्णिमेला दिसतं. देखणं असतं, यात वाद नाही. पण त्या रात्रीची घाटातली कोंडी, नाकाबंदी आणि गडावर मुक्कामाच्या परवानग्या बघता मी तरी नाही निघणार.

यातलं काहीच जमलं नाही तर २१ डिसेंबर २०२९ च्या पहाटे पुन्हा खग्रास आहे, मध्य सव्वाचारच्या सुमारास. कडाक्याच्या थंडीत त्या वेळी दुर्बिणीपाशी फार कुणी येणार नाही. वेधशाळेतूनच बघायची इच्छा असेल तर खरं तर तेच धरा.